फाट्यावरचं हिरवं कुरण

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी पुण्यात एका छोट्या कंपनीत लागले, तेव्हा मामांना वाटलं, भाची आता टीव्ही दुरुस्त करणार. आम्ही बनवत होतो मेंढरांच्या गळ्यातले पट्टे. पट्ट्याला काडेपेटीएवढी डबी. मेंढरू कुठं आहे, ते ती डबी दर दहा मिनिटांनी गावातल्या पाण्याच्या टाकीवरच्या अँटेनाला कळवायची आणि तिथून ते मोबाइलच्या नकाशावर ठिपका होऊन दिसायचं. माळावर रेंज नसली तरी काम चालायचं.

चाचणीसाठी कळप हवा होता. पाबळच्या पुढच्या माळावर मामांची चाळीस मेंढरं होती. मी साहेबांना सांगून टाकलं.

"चाळीसच्या चाळीस तोंडपाठ हायेत मला," मामा म्हणाले. "त्यास्नी पट्टं कशाला?"

"बांधू द्या की," मामी म्हणाली. "पोरीच्या नोकरीचं हाय."

मामांचा फोन बटणांचा, म्हणून ॲप मामीच्या फोनवर टाकलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आठवड्याभरात मामी नकाशात पटाईत झाली. भाकऱ्या थापता थापता एका बोटानं नकाशा मोठा करून बघायची. मग एक दिवस तिचा फोन आला.

"रोज अकराला समदी मेंढरं फाट्यावर अर्धा तास हुबी ऱ्हात्यात. तिथं तर डांबर हाय. खात्यात काय?"

हेच आमच्या ऑफिसातही दिसलं होतं, पण साहेबांनी निष्कर्ष वेगळा काढला. जिथं जनावरं रोज थांबतात तिथं उत्तम कुरण असणार, म्हणून त्यांनी फाटा नकाशावर हिरवागार रंगवला आणि बाहेरच्या पाहुण्यांना दाखवलासुद्धा. एका पाहुण्यानं तिथल्या गवताचं बी मिळेल का, असंही विचारलं.

मी स्कूटी काढून फाट्यावर गेले. पंक्चरचं दुकान, शेजारी चहा-भज्यांचं हॉटेल. मागं बाभळीखाली मेंढरं हॉटेलवाल्यानं टाकलेली कोबीची पानं चघळत होती. पुढं बाकावर मामा बसले होते आणि मांडीवरच्या कागदात गरम जिलबी होती.

आता सांगायचं म्हणजे, वर्षापूर्वी मामांना साखर निघाली होती. तेव्हापासून मामीनं घरातला गूळही कुलपात ठेवला होता.

"मामा, हे काय चाललंय तुमचं?"

"बस, पोरी. गरम हाय तवर खा." त्यांनी कागद माझ्यापुढं केला. "मामीला म्हण, मेंढरं इसाव्याला थांबत्यात."

मी दोन जिलब्या खाल्ल्या. त्यानंतर खरं बोलायचा मला हक्क राहिला नाही. संध्याकाळी मामीला सांगितलं, "विसावा घेतात गं."

"रोज?"

"हो."

मामीनं पुन्हा नकाशा उघडला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मामाही सावध झाले. कळप माळावरच शेजारच्या मेंढपाळ आप्पांवर सोपवून ते एकटेच फाट्यावर जायला लागले. मामीच्या फोनवर चाळीस ठिपके माळावर जागच्या जागी. पण कळपात एक मेंढी अशी होती, की जिची आई तिच्या जन्मावेळीच मेली होती. मामांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. तिच्या पट्ट्याचा नंबर अकरा. मामी तिला सरळ 'माझी सवत' म्हणायची. चार दिवस आप्पांनी तिला बाभळीला बांधून ठेवलं. पाचव्या दिवशी तिनं दावं तोडलं आणि मामांच्या मागोमाग निघाली.

कळपापासून एखादं मेंढरू फार लांब गेलं की चोरी समजून सगळ्यांच्या फोनवर इशारा जायचा. ती सोय मीच केली होती. इशारा आला तेव्हा मी गावातच टाकीवर चढून अँटेना तपासत होते. लगेच पुण्याहून साहेबांचा फोन.

"पहिली चोरी पकडली आपण!" त्यांचा आवाज आनंदानं चिरकत होता. "धावा!"

खाली उतरले तर मामी पिठाच्या हातांनीच शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसलेली. त्यांच्या मागं काठ्या घेतलेले आणखी दोघं गाडीवर, आणि सगळ्यांच्या मागं माझी स्कूटी. ठिपका थेट फाट्यावर थांबला होता.

पोचलो तर मामा बाकावर, आणि अकरा नंबरचं तोंड जिलबीच्या कागदात. हॉटेलवाला गुपचूप आत गेला.

"चोर कुठाय?" काठीवाल्यानं विचारलं.

"ह्यो काय बसलाय," मामी म्हणाली.

"अगं, ही आपली आपण आली माझ्या मागं," मामा म्हणाले.

"तिचंच उपकार!" मामी म्हणाली.

लोक हसले. मामी हसली नाही. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि पिठाचे हात पदराला पुसत राहिली.

"दवाखान्यात त्या बाबाचा पाय बघितला नव्हता तुम्ही? साखरेपायी गुडघ्यापासनं काढलेला," ती हळूच म्हणाली. "तसं झालं तर मेंढरामागं कोण चालंल? आन् मी कुणाकडं बघू?"

मामांनी हातातली जिलबी कागदात ठेवली. अकरा नंबरनं ती लगेच संपवली.

"आन् तू गं?" मामी माझ्याकडं वळली. "इसावा काय?"

मी डांबराकडं बघत साहेबांना फोन लावला.

त्यांना सांगितलं, "चोर सापडला सर. मालकच आहे." मग त्यांनी विचारलं, "आणि ते कुरण?" ते सांगायला बरीच मिनिटं लागली.

मामा दोन दिवस फाट्याकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःहून तपासणीला गेले, मामीला बरोबर घेऊन. आता ते फाट्यावर बिनसाखरेचा चहा पितात. मामी म्हणते, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करतात, पण पितात.

दिवाळीला गेले तेव्हा दोघं ओट्यावर एकाच फोनवर डोकं घालून भांडत होते.

"तेवीस नंबर पाटलांच्या कांद्यात शिरलंय," मामी म्हणाली.

"माझं मेंढरू कांद्याला तोंड लावत न्हाई. तुझा नकाशा खोटा हाय."

"बघून या मग."

मामांनी टोपी चढवली, काठी उचलली आणि बडबडत रानाच्या वाटेला लागले. मामी चहा टाकायला आत गेली.