एका लाइनची दोन नावे

लीगच्या सर्वोत्तम खेळाडूसाठी नाव पाठवण्याचा तो शेवटचा दिवस होता आणि आमच्या कोचने माझ्याकडे एकाऐवजी दोन नावे पाठवली होती. मी फोन केला नाही. जिना उतरून खाली बर्फाच्या रिंकवर गेलो. अशा गोष्टी फोनवर मिटत नाहीत.

अमेरिकेच्या उत्तर सीमेजवळच्या एका छोट्या कॉलेजात मी स्पोर्ट्स इन्फर्मेशन ऑफिस सांभाळत असे. सामन्यांची आकडेवारी ठेवणे, वार्ताहरांना माहिती पुरवणे आणि पुरस्कारांसाठी आपल्या खेळाडूंची शिफारस तयार करणे, हे आमचे काम. कॉलेज लहान असले तरी मुलांचा आइस हॉकीचा संघ मोठा होता. त्या गावात हिवाळ्यात दुसऱ्या विषयावर कोणी बोलत नसे.

या खेळातले वैयक्तिक पुरस्कार दोन प्रकारचे असतात. काही आकड्यांवर ठरतात. ज्याचे गोल आणि असिस्ट मिळून सर्वांत जास्त, त्याला पुरस्कार. असिस्ट म्हणजे ज्या पासवरून गोल होतो तो पास. तिथे कोणाचे मत विचारावे लागत नाही. बाकीचे पुरस्कार मतांवर ठरतात. लीगमधला प्रत्येक कोच पसंतीच्या क्रमाने तीन नावे लिहितो आणि पहिल्या नावाला सर्वांत जास्त गुण मिळतात. स्वतःच्या संघातल्या खेळाडूला मत देता येत नाही. म्हणजे ज्यांना तुम्ही वर्षभर हरवले, त्यांनीच तुम्हाला निवडायचे.

आमच्याकडची दोन नावे होती कोडी आणि निखिल साठे. आक्रमणाला एका वेळी तीन खेळाडू एकत्र उतरतात, त्यांना लाइन म्हणतात. या लाइनमधला तिसरा खेळाडू दुखापतींमुळे बदलत राहिला. हे दोघे मात्र पहिल्या वर्षापासून शेजारी खेळले. कोडी धिप्पाड होता. एका व्यावसायिक संघाने त्याला आधीच निवडून ठेवले होते आणि कॉलेज संपताच तो सही करणार होता. निखिल टेक्ससमधल्या अर्विंगचा. बाहेर अंग भाजणारे ऊन आणि मॉलच्या पोटात बर्फ, अशा रिंकमध्ये तो स्केटिंग शिकला. त्याचे हात विलक्षण होते, पण उंची कमी होती. व्यावसायिक संघांसाठी खेळाडू हेरणारे स्काउट येत, त्याचा खेळ पाहत, मान डोलवत आणि परत जात.

वडिलांशी त्याचा करार साधा होता. एखाद्या व्यावसायिक संघाने बोलावले तर खेळायचे, नाहीतर उन्हाळ्यात अर्विंगच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू व्हायचे. लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या मुलाला, तो बुटका असला तरी, कोणीतरी बोलावतेच. हे निखिलला ठाऊक होते आणि मलाही.

कोच डनिगन रिंकच्या काचेला टेकून बर्फ सपाट करणारे मशीन फिरताना पाहत होता.

"दोन कशाला?" मी विचारले.

"कारण दोन आहेत."

"मते फुटतील. दोघेही पडतील."

"आपटे, मी बर्फावर ही लाइन कधी तोडली नाही. कागदावर का तोडू?"

"कागदावर ते एकमेकांना पास देत नाहीत."

तो हसला. "तुला निखिल एकटा हवा आहे. तुमच्याकडचा आहे म्हणून."

"माझ्याकडचे लोक सांगलीला असतात. तो टेक्ससचा आहे. कोडीच्या हातात करार आहे, निखिलच्या हातात काही नाही. उलट असते तर मी कोडीचे नाव सांगितले असते."

त्याला हे पटले असावे. तो काचेपासून बाजूला झाला. मग म्हणाला, "कोडी हरकत घेणार नाही. निखिलला विचार. तो एकटा जायला तयार असेल तर मी आत्ता सही करतो."

लॉकर रूममध्ये दोघे आपापल्या स्टिकला टेप गुंडाळत बसले होते. मी विषय सांगितला. कोडीने मान वर न करताच उत्तर दिले.

"माझं नाव काढा, मिस्टर आपटे. ट्रॉफी ठेवायला माझ्या खोलीत जागा नाही."

"पिझ्झाच्या बॉक्सना आहे," निखिल म्हणाला.

मी निखिलला हिशेब समजावला. काही कोच त्याला पहिले मत देतील, काही कोडीला. कोणी दोघांना, कोणी एकाला. तेवढ्यात तिसराच पुढे जाईल. त्याने शांतपणे ऐकले. तो मला काका म्हणत असे आणि मराठी समजत असे. बोलताना मात्र अर्धे इंग्रजी येई.

"काका, मॅथ कळलं मला. पण त्याचं नाव काढून मी जिंकलो तर ते अवॉर्ड त्याने दिलेलं होईल. तसं नको. बॅलटवर त्याला बीट करतो ना."

"ड्रीम ऑन," कोडी म्हणाला. मराठी त्याला येत नव्हते. बीट हा शब्द त्याला पुरेसा होता.

"ही तुमची आपसातली शर्यत नाही," मी म्हणालो. "मत दुसरेच देणार आहेत."

"मग त्यांनी बघून द्यावं. वर्षभर बघतायत की."

"बाबांशी बोललास?"

"बाबांना अजून ऑफसाइडचा रूल कळत नाही, काका. बॅलट कुठे समजावू?"

मी दोन शिफारशी लिहायला बसलो. कोडीच्या बहुतेक गोलांसमोर असिस्ट निखिलचा होता आणि निखिलच्या गोलांसमोर कोडीचा. एकच मजकूर मी दोनदा लिहीत होतो. संध्याकाळपूर्वी दोन्ही शिफारशी लीगच्या ऑफिसला गेल्या.

पुरस्कार दुसऱ्या कॉलेजच्या गोलकीपरला मिळाला. निखिल दुसरा आला, कोडी तिसरा. पहिल्या पसंतीची या दोघांची मते एकत्र धरली तर ती गोलकीपरपेक्षा जास्त भरत होती. पण ती एकत्र धरण्याची सोय नियमात नाही.

लीगच्या वार्षिक जेवणाच्या वेळी प्रतिस्पर्धी संघाचा एक वयस्कर कोच माझ्या टेबलाशी आला. स्वतः होऊन बोलू लागला.

"तुमच्या त्या लहान मुलाला मी पहिलं मत देणार होतो."

"मग?"

"दोन नावं पाहिली आणि अडलो. कोण कोणाला खेळवतो, ते ठरेना. एकच नाव असतं तर मी विचारसुद्धा केला नसता. गोलकीपर जाळ्यासमोर एकटा उभा असतो. त्याला मत देणं सोपं."

माझा हिशेब बरोबर होता, पण अपुरा होता. मते फुटतील एवढेच मी निखिलला सांगितले होते. दुसरे नाव पाहून लोक पहिल्यावर शंका घेतील, हे मला सुचले नव्हते. सुचले असते तरी त्याने ऐकले असते असे नाही.

त्या वसंतात निखिलला एकाही संघाचा फोन आला नाही. त्याच्या वडिलांचा मात्र मला आला. साठे मूळचे पुण्याचे, बोलण्यात नेमके.

"आपटेसाहेब, दुसऱ्या नंबरला काही असतं का?"

"सर्टिफिकेट असते."

"बरं." ते म्हणाले. "मी त्याला सांगितलं नव्हतं, पण आणखी एक वर्ष द्यायला मी तयार होतो. नुसत्या चाचणीला का होईना, कुठूनतरी बोलावणं आलं असतं तर. कोणी बोलवायला तर हवं ना, साहेब."

मी हो म्हणालो.

निखिल अर्विंगला परतला आणि नोकरीवर रुजू झाला. कोडी व्यावसायिक संघात खेळतो. दोघांची मैत्री टिकली आहे, असे ऐकतो. अलीकडे निखिल स्केट्स घालत नाही, असेही ऐकतो.

मी निवृत्त होताना माझ्या जागी एक तरुण मुलगी आली. तिला मी कामाची माहिती दिली. एका पुरस्काराला एकच नाव पाठवायचे, हे सर्वांत आधी सांगितले.

"आणि खेळाडूच दोन नावं पाठवा म्हणाले तर?" तिने विचारले.

"खेळाडूंना विचारायचे नाही," मी म्हणालो.