बारीक झालेल्या बहिणीचं गुपित

मैत्रिणींनो, आज दुपारी धाकट्या बहिणीबरोबर नवी पेठेत साड्या घ्यायला गेले होते. वर्षभरात ती खूप बारीक झालीये. दुकानातल्या मावशी तिच्याकडे बघून मला म्हणाल्या, "तुमीबी जरा चालत जावा की, बहिणीसारखं."

मी रोज सकाळी चालते. बहिणीला ते माहीत आहे, तरी ती गप्प राहिली.

रिक्षात बसल्यावर हळूच म्हणाली, "ताई, मी डॉक्टरांनी दिलेलं वजन कमी करायचं इंजेक्शन घेते. त्यानं भूकच लागत नाही फारशी."

"मग तिथं का नाही बोललीस?"

"औषधानं बारीक झाले म्हटलं की लोक आळशी समजतात गं."

माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं.

घरी आल्यापासून कशातच लक्ष लागत नाहीये. मलाही त्या डॉक्टरांकडे जावंसं वाटतंय आणि लाजही वाटतेय. ही लाज नेमकी कशाची, सांगेल का कुणी?