रुपयांचा हार आणि स्वस्तातलं मशीन

नोकरीतल्या बहुतेक केसेस मला वही उघडल्याशिवाय आठवत नाहीत. ही एक मात्र तोंडपाठ आहे, आणि आठवली की अजूनही हसू येतं.

पुसद भागातल्या एका ठाण्याची मी ठाणेदार होते. हद्दीतल्या एका बंजारा तांड्यातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि ऊन तापायला लागलं की परतत. मधल्या काळात त्यांच्या किल्ल्या एका विधवा बाईकडे असत. पन्नाशीची, आवाजाने कडक. ती घरं झाडायची, घुशी-उंदरांवर लक्ष ठेवायची. बदल्यात प्रत्येक घर तिला धान्य द्यायचं. तिचं पोट त्या विश्वासावर चालायचं.

त्या वर्षी परतलेल्या एका आजीने फिर्याद दिली. चांदीच्या जुन्या रुपयांचा हार, सासूकडून आलेला, जाताना तिने पितळी तांब्यात घालून अंगणात पुरला होता, तो गेला. जागा पक्की ठाऊक होती: चुलीपासून चार पावलं, दाराकडे तोंड करून. मुलांनी तिथे खोदलं, मग आजूबाजूला खोदलं. सात खड्डे झाले, हार नाही. संशय अर्थातच किल्लीवालीवर. दोन दिवसांत तांड्याने तिच्याकडून सगळ्या किल्ल्या काढून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी आमच्या बीट हवालदाराला खबर लागली की ती बाई हंगामात आजीच्या अंगणातून घमेल्याने माती वाहताना दिसली होती. सरळ केस वाटली. मी तिला महिला शिपायासोबत दुपारी ठाण्यात बोलावलं. पाणी दिलं आणि थेट विचारलं, "माती कशाला वाहत होतीस?"

"खायाले!" ती म्हणाली. "मॅडम, माती कायले वाहते मानूस? चूल घालाले. अवकाळी पावसानं त्यायची चूल विरघळून गेलती. म्हटलं, थकून-भागून येतीन, आल्याबरोबर चहा तं मांडता आला पाहिजे. नवी चूल घातली, सारं अंगन सारवलं, अन मलेच चोर म्हनून राह्यले!"

हवालदार जबाब लिहीत होता. मी त्याला हाताने थांबवलं.

"चूल जुन्याच जागी घातली?"

"तिथं वळचनीचं पानी पडते नं. सरकवून घातली, त्याच भिंतीले."

"किती सरकवली?"

"आता मी काय टेप घेऊन बसलती का?"

तिला घेऊन आम्ही तशीच जीप काढली. आजीला विचारलं, चूल हललेली दिसली नाही? ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी खुळचट बोलले होते. "चूल तं चूल राहते, मॅडम. रोज उठून तिची जागा कोन मोजते?"

जुनी चूल नेमकी कुठे होती, यावर घरातल्या तिघांची तीन मतं आणि किल्लीवालीचं चौथं. सारवलेल्या अंगणात खूणही उरली नव्हती. अंदाजाने आठवा खड्डा करायला मी मनाई केली.

ठाण्यात बंदोबस्तासाठी हातात धरायचा, धातू शोधणारा डिटेक्टर होता, पण तो बोटभर मातीखाली मुका. जिल्ह्याच्या पथकाकडून यंत्र मागवायचं तर पत्रव्यवहार आला, आणि तोवर ती बाई तांड्यात चोर म्हणून वावरणार. म्हणून मी पदरच्या पैशातून मशीन घ्यायचं ठरवलं. मर्यादा ठेवली साध्या मोबाईलच्या किमतीची, आणि यादी करूनच पुसदच्या बाजारात गेले.

दुकानदाराने आधी काढलं ते 'बारा फुटांवरचं गुप्तधन' छापलेलं.

"सगळे हेच मागतात, मॅडम."

"कोणाला सापडलं का?"

"मले सापडलं असतं तं हे इकत बसलो असतो का?"

त्याच्या प्रामाणिकपणाला मी मनोमन दाद दिली आणि ते मशीन परत केलं. स्वस्तातल्या मशीनने वीतभर खोलीवरचं नाणं दाखवलं तरी पुष्कळ. माझ्या यादीत पहिली गोष्ट होती लोखंड आणि चांदी यांचे आवाज वेगळे असणं. नाहीतर दिवसभर खिळेच उकरायचे. दुसरी, मातीप्रमाणे जुळवून घेण्याची सोय, कारण आमच्याकडची काळी माती मशीनला उगाच बोलायला लावते. खालची चकती ताटलीएवढी हवी. परातीएवढी चकती खोल बघते, पण खिळ्याशेजारचं नाणं तिला सुटं दिसत नाही. सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळणारे. वजन असं की तासभर एका हाताने झुलवता यावं. असं एक मिळालं, दिसायला अगदी साधं. खड्ड्यात नेमकी जागा शोधायला वेगळी कांडी घ्या, असं दुकानदार म्हणत होता. ती घेतली नाही. त्या कामाला ठाण्यातला तो मुका डिटेक्टर पुरेसा होता.

आधी ठाण्याच्या आवारात खिळा, बाटलीचं झाकण आणि माझी चांदीची जोडवी पुरून सराव केला. हवालदार म्हणाला, "मॅडम, खजिना निघाला तं अर्धा ठाण्याचा!" निघालाच तर तो कलेक्टरसाहेबांना कळवायचा असतो, हे मी त्याला तिथेच सुनावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन तांड्यात गेलो. सगळा तांडा भिंतीवर, बाजेवर, बैलगाडीवर. किल्लीवाली दूर, हाताची घडी घालून उभी. मी भिंतीपासून पट्टे आखून चकती फिरवत गेले. खिळे घुरघुरले, बैलाचा नाल घुरघुरला. पाचव्या पट्ट्यात एकदम स्वच्छ, उंच आवाज आला. आडवी फिरले, तोच आवाज. खुरप्याने उकरायला लावलं. मुका खड्ड्यात धरला तसा तोही ओरडायला लागला. वीतभर खाली तांब्याचा काठ चमकला.

आजीने हार बघितलाही नाही. उठली आणि किल्लीवालीच्या गळ्यात पडली. ती आधी ताठ राहिली, मग म्हणाली, "रडू नोको आता. चोर म्हनलं तं साऱ्या तांड्यात म्हनलं. चहाबी साऱ्या तांड्याले पाज. माह्याच चुलीवर!" मग आजीच्या पोरांकडे वळून, "अन तुमी काय पाहून राह्यले? सातही खड्डे बुजवा. सारवून घेईन मी तुमच्याकडूनच."

भलीमोठी माणसं निमूट घमेली उचलायला लागली. बायकांचं हसणं थांबेना.

चौकशीत आपण खोटं पकडायला कान लावून बसतो, आणि माणूस चिडून खरं सांगतो ते ऐकूनही सोडतो. त्या दिवशी हवालदाराच्या जबाबात चुलीचं वाक्य आलंच नव्हतं. त्याला ते रडगाणं वाटलं. त्यानंतर माझ्या ठाण्यात संशयिताची तक्रार शब्दशः लिहिली जाऊ लागली, आणि वस्तू हरवली की पहिला प्रश्न 'कोणी नेली' हा राहिला नाही. 'मधल्या काळात तिथे काय बदललं' हा झाला.

चहा होईतो मी बाजेवर बसून हार परत दिल्याची पावती लिहिली. पंचांच्या सह्या झाल्या. किल्लीवाली पुढे आली आणि म्हणाली, "माही सही कुठं?" तशी गरज नव्हती. पण मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिने खाली बसून, जीभ दातात धरून, आपलं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याचं आणि सासऱ्याचंही. अक्षरं एवढी मोठी, की माझ्या सहीला मला कागद उलटावा लागला.