रेषेबाहेरचा ठसा

आमच्या कबड्डीच्या पंचगिरीत एक रीत आहे. नवा पंच आला की पहिल्याच स्पर्धेत त्याचा एखादा निर्णय सगळ्यांदेखत फिरवायचा. "अरे भिया, तपल्याशिवाय कोणी पक्का नाही होत," असं जुने पंच म्हणत. माझाही फिरवला होता. आठवडाभर अन्न गोड लागलं नव्हतं. पुढे अपमान विसरलो, रीत तेवढी उचलली.

देवासच्या त्या स्पर्धेत मी मुख्य पंच होतो. बाजूच्या रेषेवर सतवासच्या शाळेतली एक खेळशिक्षिका, पहिल्यांदाच उभी. पंचांच्या यादीत तिचं नाव जाणार की नाही, हे माझ्या अहवालावर होतं. चढाई करणाऱ्याचा पाय बाहेर पडला, तिने शिट्टी मारून हात वर केला. मला काहीच दिसलं नव्हतं. तरी लांबूनच हात झटकून ओरडलो, "खेल चालू!" लोक तिला हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मध्यंतरात तिकडे गेलो. चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषेपलीकडे ओल्या मातीत बुटाचा अख्खा ठसा. ती गुणलेखकाशी बोलत होती. कोणी बघत नाही असं पाहून मी तो पायाने पुसला. त्यात रीत-बीत काही नव्हती, ती चोरी होती. वर अहवालात लिहिलं, 'नजर कच्ची. घाई करतात.'

निघताना ती पाया पडली. "सर, माझी चूक कुठे झाली, बता दीजिए ना."

"अनुभवाने येईल," मी म्हणालो. जीभ जराही अडखळली नाही.

यंदा धारला आम्ही पुन्हा एकत्र आलो. ती अजून शिकाऊच. तिच्या पुढ्यात खेळाडू चांगला हातभर बाहेर गेला. तिचा हात खालीच. ती माझ्याकडे बघत होती.

सामना संपल्यावर विचारलं, "दिसलं नाही का तुला?"

"दिसलं, सर. पर आता डोळ्यांवर भरोसा नाही राहिला. दोनदा डॉक्टरला दाखवलं. ते म्हणतात, नजर एकदम साफ आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठशाचं सगळं तिला सांगून टाकलं. चिडली असती, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. ती नुसती शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "सर, हे कमेटीला लिहून द्याल? माझं नाव येईल यादीत."

"देतो," म्हणालो.

त्याला पाच महिने झाले. कागद घेऊन बसतो, दोन ओळी लिहितो, आणि मग चारचौघांत उरलेली माझी इज्जत आठवते. कागद पुन्हा खणात जातो. तिला वाटतंय, मी केव्हाच लिहून दिलं. ती यादीची वाट बघते आहे.