पत्रकातली कोरी जागा

महाल भागातल्या छापखान्यात आमच्या संघटनेच्या पत्रकांचे खिळे जुळवणारे काका माझी उद्गारचिन्हं गुपचूप काढून टाकत. विचारलं तर म्हणत, "इतकं ओरडाले खिळे नाहीत गा आपल्यापाशी."

त्यांची आठ वर्षांची मुलगी शेजारी स्टुलावर बसे. ती बोलत नसे, पण वापरलेले खिळे एकही चूक न करता आपापल्या खणात टाके. दवाखान्यानं तिला 'मतिमंद' ठरवलं होतं आणि तो कागद पाहून कुठलीच शाळा तिला घेईना. एका लेखाचे खिळे जुळवताना काकांना 'ऑटिझम' हा शब्द भेटला. ते डॉक्टरांकडे गेले आणि परत येऊन म्हणाले,

"डॉक्टर म्हणते, पोरगी मायच्या कुशीत शिरते, मंग तो आजार नाही. पुस्तकात तसंच हाये. तिकडे विलायतेत पुस्तक बदलून राह्यलं म्हणते, पन इथं याले वेळ लागन."

मायेपायी नापास करणारं हे कसलं पुस्तक? संतापून मी त्याच दिवशी पत्रक लिहून दिलं. मथळा होता, 'मतिमंद मुलांना शाळा द्या!'

प्रूफ आलं तेव्हा मथळ्यातला पहिला शब्द नव्हता, तिथं कोरी जागा होती.

"काका, शब्द राहिला."

"राह्यला नाही गा, म्याच नाही टाकला. खरा भेटला की टाकू."

शेवटचं उद्गारचिन्ह मात्र त्यांनी प्रथमच जागेवर ठेवलं होतं.