ऑपरेशन पास, पेशंटला एटीकेटी

तळमजल्यावरच्या काकांना मागून हाक मारायची नाही, हा आमच्या ब्लॉकचा अलिखित नियम होता. कुणी मारलीच, तर काका मान वळवत नसत. आधी थांबत. मग छोटी छोटी पावलं टाकत अख्खे वळत, चौकात लांबलचक बस वळावी तसे. पूर्ण वळून झाल्यावर समोरच्याला म्हणत, "हां, बोला. आमच्या गाडीला वळायला जागा लागते."

काकांच्या कमरेत स्क्रू होते. दोन पट्ट्या आणि त्यांना धरून ठेवणारे स्क्रू. मणक्याचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून खाली वाकणं बंद, बादली उचलणं बंद आणि सरकारी क्वार्टर तळमजल्यावरचं.

मी वरच्या मजल्यावर राहायचो. घरातला पहिला पदवीधर, नोकरी केंद्र सरकारच्या ऑफिसात. दिल्लीत उतरलो तेव्हा मला हिंदी येतं असा माझा समज होता. तो पहिल्या आठवड्यात दूर झाला, आणि दुसऱ्या आठवड्यात थंडी सुरू झाली. काकांनी स्वतःचा स्वेटर आणून दिला. "परत करू नकोस," म्हणाले, "काकूंनी विणलाय, मला घट्ट होतो. पण हे बोलायचं नाही." तो स्वेटर मी अजून वापरतो. मलाही घट्ट होतो.

रविवारी सकाळी काकांकडे दर्शन असायचं. हा शब्द काकूंचा. दिल्लीतल्या मराठी मंडळींत कुणालाही मणक्याचं ऑपरेशन सांगितलं, की लोक म्हणत, त्या काकांना बघून या. पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या बाई येऊन गेल्या. मानेसरच्या कारखान्यातले एक सुपरवायझर आले. गुडगावहून आयटीतला एक पुणेकर आला. जिममध्ये वजन उचलताना त्याच्या मणक्यातली गादी सरकली होती. त्याने मोबाइलवर एमआरआय उघडला आणि तो काकांच्या नाकासमोर धरला.

"यार काका, बघा ना, एल फोर, एल फाइव्ह."

"ते डॉक्टरला दाखव," काका म्हणाले. "मला फोटो कळत नाहीत. मी माणूस दाखवतो, तू बघ."

मग ते उठत. उठणंही टप्प्याटप्प्याने. हात खुर्चीवर, मग गुडघ्यावर, मग आकाशाकडे बघून एक श्वास. पायात लेस बांधलेले काळे बूट. अंगणातल्या जांभळाच्या झाडापर्यंत चालत जायचे, तिथे अख्खे वळायचे आणि चालत परत यायचे. पाहुण्यासमोर उभं राहून विचारायचे, "चालतो की नाही?"

पाहुणा म्हणायचा, "बिल्कुल चालता, काका!" काकू चहा आणायच्या. पाहुणा हलक्या मनाने जायचा. "मणका होता की गुडघा?" काकू मागाहून विचारायच्या. "गुडघेवाल्यांना घेत जाऊ नका हं. तेवढा चहा नाही घरात."

आता तुमच्यासारखा चौकस माणूस विचारेल, रविवारी सकाळी घरच्या अंगणात माणूस लेसचे बूट का घालतो? मला हे कित्येक महिने सुचलं नाही. मी काकांच्या चपलांचे किस्से वेगळे धरायचो आणि बुटांचं चालणं वेगळं.

चपलांचे किस्से भरपूर होते. काकांची डावी चप्पल पायातून निघून जायची आणि काकांना पत्ता नसायचा. गणपतीच्या आरतीत ते मंडपात शिरले तेव्हा एक चप्पल रस्त्याच्या मध्यावर भक्तासारखी उभी होती. एकदा आठवडी बाजारात टिक्कीवाला कढई सोडून धावत आला, "अंकल! ओ अंकल! चप्पल तो लेते जाओ!" काकू म्हणायच्या, "लोकांच्या चपला चोरीला जातात. ह्यांची राजीनामा देते."

काकूंनी पट्ट्याचे सँडल आणले. काकांनी ते घातले नाहीत. म्हणाले, "पहिलीतल्या पोरासारखा दिसतो मी."

त्यानंतर मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दिल्लीला आणलं.

अण्णा आमच्या गावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाल होते. त्यांनी वाहिलेल्या पोत्यांवर माझं शिक्षण झालं, हे मी भाषणात सांगावं तसं सांगत नाही; ते तसंच झालं. ती पोती आता त्यांच्या कमरेत उतरली होती. नस दबलेली. थोडं चाललं की पायांत गोळे येत आणि बसावं लागे. बसलं की बरं वाटे. उठून चाललं की परत बसा. बस स्टॉपवरून घरी येताना ते प्रत्येक कट्ट्याची ओळख करून घेत आले.

गंमत अशी, की वाकून चाललं तर दुखत नसे. भाजीवाल्याच्या हातगाडीचा दांडा धरून अण्णा आमची सगळी कॉलनी फिरून आले. भाजीवाला खूश. म्हणाला, "ताऊजी, आप रोज आ जाया करो." अण्णांना हिंदी कळत नव्हतं. मला म्हणाले, "चांगला माणूस आहे. गाडी ढकलू देतो."

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. उशीर केला तर पाय आणखी कमजोर होतील, म्हणाले. अण्णा नाही म्हणाले. मोंढ्यातल्या त्यांच्या एका सोबत्याचं असंच ऑपरेशन झालं होतं आणि तो उठलाच नव्हता.

"पाठीला सुरी लागली की माणूस खाटेला लागतो," अण्णा म्हणाले. "मला चिरलेला आणि चालणारा माणूस दाखव. मग बघू. नाहीतर गावाकडचं तिकीट काढ."

मला केवढा आनंद झाला! असा माणूस माझ्या पायाखालीच राहत होता. मी काकांकडून रविवारची वेळ घेतली.

अण्णा शनिवारीच खाली गेले. पायऱ्या उतरून झाल्यावर बसायला जागा हवी होती, आणि काकांच्या दारात प्लास्टिकची खुर्ची होती. मी मागोमाग उतरलो तेव्हा काका लुंगी आणि चपला घालून पाइपने तुळशीला पाणी घालत होते.

"तुम्हीच का ते चिरलेले साहेब?" अण्णांनी विचारलं.

काका गडबडले. त्यांनी एकदा घरात पाहिलं, जिथे बूट होते. मग पाहुणा समोर बसलेलाच आहे म्हटल्यावर पाइप ठेवला आणि जांभळाकडे निघाले. काही पावलं गेले असतील. डावी चप्पल तुळशीपाशीच राहिली. अनवाणी डावं पाऊल फरशीवर फटक्, फटक् असं आपटत होतं. पुढचा भाग वर उचललाच जात नव्हता. म्हणून काका गुडघा उंच उचलून पाऊल टाकत होते.

"साहेब," अण्णा म्हणाले, "तुमची चप्पल राहिली."

"राहू दे. ती येते मागून."

"पाऊल लटकतंय तुमचं."

मी जिन्यात उभा होतो. माझ्या डोळ्यांसमोर गावाकडचं तिकीट आलं. दारातून काकूंचा आवाज आला, "सांगा आता खरं. मी केव्हाची म्हणतेय."

काका परत आले. खुर्चीवर अण्णा होते, म्हणून ते भिंतीला टेकून उभे राहिले. बुटात मोज्याच्या आत प्लास्टिकची पट्टी असते, ती पाऊल वर धरून ठेवते, हे मला त्या दिवशी कळलं.

"आधीचं सांगतो," काका म्हणाले. "ह्या पायात वीज खेळायची. बसून जेवता येत नव्हतं. मी उभ्याने जेवायचो, रोज लग्नातल्या बुफेसारखं. ऑपरेशन झालं आणि वीज गेली."

"आणि पाऊल?"

"तेही गेलं. लाइन कापली की पंखाही बंद होतो, तसं. परत येईल म्हणाले. थोडं आलं. बाकीच्याची वाट बघतोय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "लघवी? आपली आपण?"

ह्या प्रश्नापायीच अण्णा इतके दिवस नाही म्हणत होते, हे मला तेव्हा समजलं. मला त्यांनी तो कधीच विचारला नसता.

"पहिल्यांदा नळी होती," काका म्हणाले. "नळी काढल्यावर होईना. परत घातली. मी मनात म्हटलं, संपलं आपलं. मग एक दिवस झाली. आपली आपण. मी इतका खूश झालो, की..."

"पेढे वाटले," काकू म्हणाल्या. "अख्ख्या वॉर्डात. नर्सने विचारलं, लडका हुआ या लडकी?"

अण्णा हसले. दिल्लीत आल्यापासून पहिल्यांदा, आणि खुर्ची हलेपर्यंत. काकाही हसले, भिंत धरून, कारण हसताना त्यांची पाठ दुखायची.

"मग हे लपवता का?" अण्णांनी विचारलं.

"लोक घाबरतात. घाबरून घरी बसले, तर पाय कायमचे जातात. म्हणून आपला बूट." काकांनी डावं पाऊल पुढे केलं. "पण माझा पाय म्हणजे तुमचा पाय नाही. सगळ्यांचं असं होत नाही. काय काय होऊ शकतं, ते डॉक्टरला विचारा. लाजू नका. मी लाजलो होतो."

अण्णा तुळशीकडे, पाइपकडे, त्या एकट्या चपलेकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "लटक्या पायाने का होईना, झाडाला पाणी घालतायत. खाटेवर तर नाहीत. तारीख घे."

ऑपरेशन झालं. पायांतले गोळे गेले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतोय तोवर जखम झिरपायला लागली आणि ताप चढला. जखम परत उघडून धुवावी लागली. इस्पितळातला मुक्काम वाढत गेला. मी व्हरांड्यात उभा राहून स्वतःला विचारायचो, शिकलेला मुलगा म्हणून मी हे काय केलं?

काका रोज यायचे, काकूंचा डबा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देऊन. कारण उचलायला बंदी. डॉक्टर राउंडला आले आणि म्हणाले, "ऑपरेशन तो एकदम सक्सेसफुल रहा है."

"अगदी," काका आम्हाला मराठीत म्हणाले. "ऑपरेशन फर्स्ट क्लासमध्ये पास. पेशंटला एटीकेटी."

अण्णांना एटीकेटी माहीत नव्हती. मी सांगितलं, एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसू देतात. अण्णांना ही पद्धत फार आवडली. तपासणाऱ्या प्रत्येकाला ते विचारू लागले, "माझे विषय किती राहिले?"

ताप उतरला. जखम भरली. कंबर सकाळी धरायची ती धरायचीच. तो विषय कायमचा राहिला. अण्णा पट्टा बांधून आधी खोलीत, मग जिन्यापर्यंत, मग काकांच्या दारापर्यंत चालू लागले.

काका त्याच वर्षी निवृत्त झाले. क्वार्टर सोडावं लागलं, मिरजेला घर होतं. आम्ही त्यांना पोचवायला निजामुद्दीन स्टेशनवर गेलो. अण्णा हट्टाने आले. सामान डब्यात चढलं, काका-काकू खिडकीपाशी बसले. एसीचा डबा, खिडकीला बंद काच. दोघे म्हातारे काचेच्या दोन बाजूंनी जोरजोरात बोलत होते आणि एकाचं एकाला ऐकू येत नव्हतं. काकू कपाळाला हात लावून हसत होत्या.

गाडी हलली. अण्णाही हलले. खिडकीबरोबर चालू लागले. आत काका दोन्ही हात हलवत होते: थांबा, हळू, धक्का बसेल. अण्णांना वाटलं, निरोप देतायत. त्यांनी हात हलवला आणि पावलं उचलली. काका काचेवर थापा मारू लागले. अण्णा आणखी भराभर. मी मागे धावलो, पण हमाल आणि ट्रंका आडव्या येत होत्या. अण्णा मात्र त्यांच्यामधून सवयीने वाट काढत सरळ चालले होते. चहाची टपरी मागे पडली, पुस्तकांचा गाडा मागे पडला, बाकांमागून बाकं मागे पडली. एकाही बाकावर ते बसले नाहीत.

प्लॅटफॉर्म संपत आला तिथे थांबले. शेवटचा डबा पुढे निघून गेला.

मी पोचलो तेव्हा त्यांना धाप लागली होती. रुळांकडे बघत त्यांनी विचारलं, "काय म्हणत होते रे साहेब?"

"हळू चाला म्हणत होते."

"हळूच तर चाललो," अण्णा म्हणाले. "गाडीच जोरात गेली."