काहीही न फेकणारे सलीमभाई

सलीमभाई काहीही फेकत नसत. संपलेली रिफिल, तुटकी चावी, मिठाईच्या पुड्याचं रबर, सगळं त्यांच्या टेबलाच्या खणात जमा. मी हसले की म्हणत, "राहू द्या ताई, कामाला येते."

जालना एमआयडीसीतल्या आमच्या बियाणे कारखान्यात ते आधी नमुन्याच्या खोलीत होते. प्रत्येक लॉटचं मूठभर बी कापडी पिशवीत जपून ठेवायचं आणि तक्रार आली की तेच पुन्हा उगवून पाहायचं, हे त्यांचं काम. पुढे सर्व्हर आला, तेव्हा जपणारा माणूस म्हणून साहेबांनी तोही त्यांच्याच हवाली केला. चाळिशी उलटल्यावर ते हट्टानं सगळं शिकले. मी शेजारच्या प्रयोगशाळेत उगवण तपासायची. माझ्या पाच हंगामांच्या नोंदी त्यांच्याच सर्व्हरवर होत्या.

पेरणी तोंडावर आलेली, फाटकात ट्रक उभे, आणि एका सकाळी लेबलं छापणंच बंद पडलं. सर्व्हरची डिस्क गच्च भरली होती. लेबलाशिवाय एक पिशवी बाहेर काढता येत नाही. साहेब घामाघूम होऊन आले. "प्रयोगशाळेच्या जुन्या नोंदी उडवा. आत्ताच्या आत्ता!"

त्या नोंदींची दुसरी प्रत नव्हती. उद्या कोणी तक्रार केली, तर आमचं बी चांगलं होतं हे मी कशाच्या जोरावर सांगणार?

सलीमभाई खुर्चीवरून हललेसुद्धा नाहीत. "बिलकुल न्हाई, साहेब. आधी गोदाम पाहू द्या. कोणता माल जागा खाऊन राह्यला ते कळू द्या, मंग बोला."

त्यांनी एकेक फोल्डर तपासला. सगळ्यात फुगलेला निघाला अँटीव्हायरसचा. व्हायरस ओळखायची नवी यादी त्यात रोज येते आणि जुनी निकामी होते. इथं मात्र पहिल्या दिवसापासूनच्या याद्या थप्पी लावून बसल्या होत्या. सलीमभाईंनी कान पकडले.

"साहेब, गलती माझी. सगळ्या जुन्या याद्या ठेव, असं मीच त्याला सांगून ठेवल्तं. नमुन्यासारखं वाटलं मला."

गुपचूप साफ करता आलं असतं की! कोणाला पत्ताही लागला नसता. पण हा माणूस सगळ्यांसमोर बोलला, आणि माझ्या मनात कायमचा मोठा झाला.

शेवटच्या तीनच याद्या ठेवायच्या, असं त्यांनी अँटीव्हायरसला बजावलं आणि सफाई सुरू केली. पडद्यावरची, डिस्क भरल्याचं दाखवणारी लाल पट्टी मागे सरत सरत निळी झाली. प्रिंटर खडखडला. पहिलं लेबल तिरपं आलं, पण आलं! हमालांनी शिट्ट्या मारल्या. कधी कोणाला शाबासकी न देणारे साहेब स्वतः चहा घेऊन आले. दिवस मावळायच्या आत शेवटचा ट्रक शहागडच्या रस्त्याला लागला. माझी एकही नोंद गेली नव्हती.

त्या दिवसापासून सलीमभाई प्रत्येक वस्तूपाशी थबकून विचारत, "हे कधीपर्यंत ठेवायचं?" हळूहळू त्यांचा खणही रिकामा झाला.

ते निवृत्त झाले, तेव्हा मी त्या दिवशी कचऱ्याच्या टोपलीतून उचलून ठेवलेलं ते तिरपं लेबल त्यांच्या हातात दिलं. "सलीमभाई, हे कधीपर्यंत ठेवायचं?"

त्यांनी ते निरखून पाहिलं, शर्टाच्या खिशात सरकवलं आणि वरून बटण लावलं.

"याला मुदत न्हाई, ताई."